विकलेली कोठी

१

ज्या वर्षी जोयाला जुळं झालं, त्याच वर्षी ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रीसमधल्या एका हॉटेलच्या मागच्या अंगणात धर्मगुरू रब्बी रोटबार्टांचं प्रेत सापडलं.

ते मोठ्या हंड्याला टेकून पडलं होतं. सकाळी त्याच हंड्यात सगळ्या स्वयंपाकघराची भांडी उकळून सणासाठी शुद्ध केली होती, आणि खालची आग विझवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रब्बींचा उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या पाण्यात गेला होता. कपाळापासून कानामागपर्यंत अर्ध्या चंद्रासारखी वाकडी खोक पडली होती. पांढरी दाढी रक्ताने भिजून छातीला चिकटली होती.

त्यांच्यावर ओणवा झाला होता हॉटेलचा माळी स्तेरिओस. त्याचे दोन्ही हात रक्ताने माखले होते, कमरेला विळा होता, आणि तो ग्रीकमध्ये जिवाच्या आकांताने ओरडत होता.

पाहुणे धावत आले ते मिलानचे, अँटवर्पचे, लंडनचे. ग्रीक कुणालाच येत नव्हतं. त्यांना दिसला तो रक्ताळलेला माणूस आणि त्याचा विळा. कुणीतरी म्हणालं, यानेच मारलं. पहिला हात कुणी उचलला ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. दहा-बारा तरणे गडी त्याच्यावर तुटून पडले. आधी मुठी चालल्या, मग खुर्चीचा पाय, मग तो खाली पडल्यावर लाथा. बरगड्या मोडल्याचा आवाज वरच्या सज्ज्यापर्यंत आला.

त्या सज्ज्यात रेयना अमारिल्यो उभी होती. शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी जितकं पळता येईल तितकं पळत ती जिना उतरली, पण ती अंगणात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. स्तेरिओसचे दोन दात फरशीवर पडले होते. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता. मारणारे मागे सरकून कपडे झटकत होते, आणि गर्दीतून एक आवाज म्हणत होता, बरं झालं, सण लागायच्या आत सापडला.

रेयनाचा जन्म थेसालोनिकीचा. लग्न होऊन मिलानला गेली तरी ग्रीक ती विसरली नव्हती. माळी काय ओरडत होता ते त्या साऱ्या गर्दीत तिला एकटीलाच कळलं होतं.

तो ओरडत होता, "पाणी उकळतंय. कुणीतरी यांचा हात बाहेर काढा."

२

हे हॉटेल रेयनाने निवडलं होतं.

हिवाळ्यात जुळं झालं तेव्हाच तिच्या लेकीने, जोयाने, हात टेकले. वल्हांडण म्हणजे घराचा कोपरान् कोपरा झाडायचा, पावाचा कण म्हणून राहता कामा नये, भांडी बदलायची, आठ दिवस बेखमीर, न आंबवलेल्या पिठाच्या भाकरीवर काढायचे. दोन तान्ही पोरं छातीशी धरून हे कोण करणार? ती म्हणाली, आई, यंदा परदेशात एखाद्या हॉटेलातच सण करू, आणि निवड तू कर, म्हणजे मागाहून कुणी कुणाला बोलायला नको. त्यावर जावई दाविदे हसून म्हणाला होता, "म्हणजे आम्ही सगळे मिळून तुम्हालाच बोलणार, आई."

मग रेयनाने फोन लावायला घेतले. सार्डिनियाच्या माणसाने सांगितलं की खोलीतून समुद्र दिसतो. तिने विचारलं, "मी समुद्र खाऊ का?" क्रोएशियाचा माणूस म्हणाला, तांदूळ? वल्हांडणात तांदूळ कोण खातं? उत्तरेकडचे ज्यू खात नाहीत हे खरं, पण रेयनाच्या माणसांत तांदळावाचून सण होत नाही. तिने त्याला सणाच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

हल्किदिकीच्या या हॉटेलातून मात्र एझ्रिएल बोलला. तो रब्बी रोटबार्टांच्या हाताखालचा, अन्नाची शुद्धता बघणारा तपासनीस, चाळिशीचा, आवाज मऊ. तांदळाला वेगळी चूल, वेगळी पळी, आणि तांदूळ पांढऱ्या कापडावर तीनदा निवडलेला. नव्या काचेच्या भांड्यांचं काय, असं तिने विचारलं, तर म्हणाला की तळाला चिकटवलेला कागदसुद्धा खरवडून काढतो आणि मगच समुद्रात बुडवून शुद्ध करतो; कागद राहिला तर बुडवणं फुकट. खमिराचं, म्हणजे पीठ, पाव, दारू, सगळं एका कोठीत जागच्या जागी लावतो, आणि सणात ते ज्यूच्या मालकीचं असता कामा नये म्हणून ती कोठी आठ दिवसांसाठी परधर्मी माणसाला विकून टाकतो.

शेवटी रेयनाने तिचा ठेवणीतला प्रश्न विचारला. "आणि तुझ्या हातून चूक झाली तर?"

"बाटलेलं पानात वाढत नाही, मावशी," तो म्हणाला. "मग काहीही होवो."

तिने त्याच दिवशी अठरा माणसांचं सांगून टाकलं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं गणगोत येऊन पोचलं. पोरांना झोपवून रेयना थेट मागच्या अंगणात गेली, कारण हॉटेल पुढून बघायचं नसतं. तेव्हाच कोठीची विक्री चालली होती. विकत घेणारा हा स्तेरिओस माळी. रब्बींनी त्याच्या हातात हात देऊन सौदा केला आणि किल्ली दिली. दुसरी किल्ली रब्बींच्याच कमरेला राहिली. स्तेरिओसने विचारलं, कोठी माझी झाली ना, मग आतली एक बाटली काढू का? सगळे हसले. हॉटेलात सण भरवणारा लिओन कोव्हो चिडून म्हणाला, थट्टा कळत नाही का तुला. माळीही आवाज चढवून बोलला. रब्बी तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "तो बरोबर बोलतोय, लिओन. आजपासून मालक तोच."

कोठीला कुलूप लागल्यावर रब्बींना अंगणाच्या भिंतीवर एक वस्तू दिसली. कणीक तिंबायच्या यंत्राचा आकडा, मनगटाएवढा जाड, लोखंडी, वाकडा. कुणीतरी धुऊन वाळत ठेवला होता आणि यंत्र आत गेलं तरी तो बाहेरच राहिला होता. रब्बी एझ्रिएलवर खेकसले. म्हणाले, पाव मळायचा आकडा शुद्ध केलेल्या भांड्यांपासून दोन हातांवर? मालकाला विचार आणि सण लागायच्या आत कोठीत टाक. एझ्रिएलने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता रब्बी मेले होते. पोलीस प्रेत घेऊन गेले, माळ्याला इस्पितळात घेऊन गेले आणि त्याचा विळाही घेऊन गेले. फौजदार दिमोसने सगळं हॉटेल उलटंपालटं केलं. कोठीपाशी मात्र लिओन त्याच्या पाया पडायला आला. म्हणाला, ही विकलेली आहे, हिला हात लावलात तर तीनशे माणसांचा सण बाटेल. कुलूप शाबूत होतं. मारेकरी सापडलाच आहे असं दिमोसला वाटत होतं. तो निघून गेला.

रेयनाने अंगणात एक चक्कर मारली. हंडा होता तिथेच होता. भिंतीवर आकडा नव्हता.

३

संध्याकाळ झाली, सण लागला. आता दोन दिवस सणाचे आणि लागूनच शब्बाथ, शनिवारचा विश्रामदिवस. तो संपेपर्यंत गाडी नाही, फोन नाही, कुणी कुठे जायचं नाही. माळी पकडला गेला म्हणून लोक निर्धास्त होते. रेयनाला मात्र ठाऊक होतं की जुळी पोरं ज्या छपराखाली झोपली आहेत त्याच छपराखाली खुनी जेवायला बसला आहे, आणि तिला तिथे आणलं आहे तिने स्वतः.

तिने पुष्कळ वर्षं मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घातली होती. कापलेलं काय आणि ठेचलेलं काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. रब्बींचं कपाळ विळ्याने कापलेलं नव्हतं, ते जड लोखंडाने आत चेपलं होतं.

मेजावर बसल्यावर तिची पहिली कुरकुर पेल्यांवरून झाली. सगळ्यांपुढे कागदी पेले ठेवले होते. वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र आणि द्राक्षरस कागदी पेल्यात, हे काय लग्नाच्या वऱ्हाडाचं सरबत आहे का? एझ्रिएल हात जोडून आला. नवे पेले आज दुपारी मी स्वतः समुद्रात बुडवून आणले, म्हणाला, तासभर तिथेच होतो, कपडे भिजून चिंब झाले. पण येताना खोकी आपटली, काचेचे कपचे निघाले असतील, पोरांच्या ओठाला लागायला नको. कुणालाही पटेल असं बोलणं.

मग तिला दाविदेचा बूट दिसला. तपकिरी चामड्याचा, नवाकोरा, आणि नाडीजवळ काळपट लाल डाग.

"हे काय लागलं?" तिने विचारलं.

"द्राक्षरस सांडला असेल, आई," दाविदेऐवजी जोयानेच उत्तर दिलं.

मेजावरची एकही बाटली अजून उघडलेली नव्हती. रेयनाने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पलीकडे कुणीतरी रब्बींसाठी प्रार्थना सुरू केली आणि सगळे उभे राहिले. तो डाग तिने मनाच्या मागच्या खोलीत टाकला आणि दार लावून घेतलं. एका वेळी एकच खून पुरे होता.

जेवायला मासा आला, कोंबडी आली, बटाटे आले. कोकरू आलं नाही. आणि कोकरासाठी तर अँटवर्पच्या लोकांनीसुद्धा वाट वाकडी केली होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर रेयना लिओनजवळ जाऊन बसली. लिओन रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. तिने त्याला सरळ विचारलं की रब्बींचं आणि तुझं काही वाजलं होतं का. त्याने आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाला की दुपारी रब्बी त्याच्याकडे आले होते. आज रात्री सगळ्यांसमोर उभा राहून मला एक गोष्ट सांगायची आहे, एका माणसाचं नाव घ्यायचं आहे, असं म्हणाले. कोण ते सांगितलं नाही. लिओनने गयावया केली की सणाची रात्र खराब करू नका. खुनाच्या वेळी तो पाहुण्यांच्या बसगाड्यांपाशी फाटकावर उभा होता, आणि ते रेयनाला माहीत होतं, कारण तिच्या सामानातली एक पेटी त्याने हरवली होती आणि ती शोधायला तिनेच त्याला तिथे पाठवलं होतं.

"मावशी, माळी पकडला गेलाय ना?" तो म्हणाला. "मग तुम्ही हे का उकरताय?"

"कारण माळी मदतीला हाका मारत होता. तुम्ही त्याला त्याबद्दल बदडलंत."

लिओन उठून निघून गेला.

आव्नेर हा आचारी इस्रायलचा, अंगाने पिंप, तोंडाने फाटका. त्याचं आणि रब्बींचं रोज भांडण होई हे सगळ्या हॉटेलला ठाऊक होतं. एकदा तर त्याने भट्टी आतून जाळून शुद्ध करायची, हातात धरायची ज्योत त्यांच्या दाढीवर रोखली होती. रेयनाने ते काढलं तेव्हा तो हसला. "आजी, मला मारायचं असतं तर माझ्याकडे सुऱ्या काय कमी आहेत? आणि मी मारलं असतं तर तुकडे एकसारखे झाले असते." त्या दुपारी त्याच्या हाताखालची चार माणसं त्याच्याबरोबर मासे साफ करत होती, आणि चौघंही तेच सांगत होती.

रेयनाने विचारलं, "कोकरू कुठे गेलं रे?"

आव्नेरचा चेहरा उतरला. ते दुःख त्याला रब्बींच्या मरणापेक्षा मोठं होतं. काल तिन्हीसांजेला एझ्रिएल आला, म्हणाला, रब्बींच्या दुखवट्यात कोकरू वाढायचं नाही. ठीक आहे, नाही वाढत. पण मग त्याने ती सगळी कोकरं, चुलीवर न चढलेली, मसाला न लागलेली, मच्छीमारांच्या कुत्र्यांपुढे टाकायला लावली.

"कुत्र्यांना? बर्फात का नाही ठेवली?"

"मीही तेच म्हटलं, आजी. एवढं देखणं मांस. म्हणाला, टाक. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला वाटलं, गुरू गेला बिचाऱ्याचा."

चांगलं अन्न फेकणं हे पाप आहे, हे एझ्रिएलसारख्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुत्र्यांपुढे कुठलं मांस टाकायचं तेही शास्त्रात लिहिलेलं आहे. खायला निषिद्ध असलेलं.

"नवे पेले कुठे ठेवलेत?" तिने विचारलं.

आव्नेरने फडताळाकडे बोट केलं. खोक्यांना पोचासुद्धा आलेला नव्हता. तिने वरचंच एक उघडून पेला उजेडात धरला. काच कोरी, कुठे कपचा नाही. तिने तो उलटा केला.

तळाला कारखान्याचा कागद जसाच्या तसा चिकटलेला होता.

तिने दुसरा पेला काढला, मग तिसरा. मागे पावलं वाजली. दारात एझ्रिएल उभा होता. तिच्या हातातल्या पेल्याकडे तो पुष्कळ वेळ बघत राहिला.

"खाली ठेवा, मावशी," तो मऊ आवाजात म्हणाला. "हात कापेल."

५

ती रात्र रेयनाने जुळ्यांच्या पाळण्यापाशी दाराला खुर्ची लावून काढली. सकाळी न्याहारीला न थांबता ती बागेमागच्या वाटेने स्तेरिओसच्या घरी गेली.

त्याची बायको वासिलिकी दारातच बसली होती. नवरा अजून शुद्धीवर नव्हता. रात्रभर इस्पितळात काढून ती कोंबड्यांना दाणे घालायला आली होती आणि परत निघाली होती. हॉटेलातली बाई बघून ती उठली नाही.

"आणखी काय राहिलंय मारायचं?" ती म्हणाली. "कोंबड्या आहेत."

रेयना तिच्याजवळ पायरीवर बसली. ग्रीकमधून तिने सांगितलं की तुझा नवरा काय ओरडत होता ते मी ऐकलं, आणि वेळेवर पोचले नाही. वासिलिकी बराच वेळ रडली. मग आपणच बोलू लागली. लोक त्याला हसले म्हणे त्या कोठीवरून. तो मात्र घरी येऊन छाती काढून म्हणाला होता, आजपासून मी चाळीस पोती पिठाचा धनी. म्हातारे रब्बी त्याला म्हणाले होते, थट्टा समजू नकोस, किल्ली जपून ठेव. तिने आत बोट दाखवलं. संताच्या तसबिरीखाली खिळ्याला किल्ली लटकत होती.

"ती घे," रेयना म्हणाली, "आणि फौजदाराला फोन लाव. मला आज फोनला हात लावायचा नाही. त्याला सांग, मालकाच्या बायकोला तिची कोठी बघायची आहे."

फौजदार दिमोस तासाभरात आला. विळ्यावर गवताखेरीज काही सापडलं नव्हतं, म्हणून तो आधीच चिडलेला होता. कोठीपुढे पाहुण्यांची गर्दी झाली. लिओन दाराला पाठ लावून आडवा उभा राहिला. म्हणाला, मावशी, सणात खमिराची कोठी उघडायची? आपल्या सगळ्यांच्या माथी पाप.

"कुणाच्या कोठीचं?" रेयना म्हणाली. "विकलीस ना? मग ज्याची कोठी त्याच्या बायकोने उघडली तर तुझं काय बाटतं? आणि विक्री नुसतं नाटक असेल तर आतल्या प्रत्येक पावाचा मालक तूच आहेस, आणि परवापासून आपण सगळेच पापात बसून प्रार्थना म्हणतोय. दोन्हीतलं कुठलं ते सांग."

लिओन बाजूला झाला.

वासिलिकीने कुलूप काढलं. आत पिठाची पोती, बाटल्यांचे खोके आणि कोपऱ्यात कणकेचं यंत्र. त्याच्या बाजूच्या खुंटीवर, जिथे तो रोज असायचा तिथेच, तो लोखंडी आकडा नीट टांगलेला होता. त्याच्या वाकड्या टोकाला वाळलेलं रक्त होतं आणि दाढीचे पांढरे केस.

६

दिमोसने विचारलं, हे इथे कुणी आणलं?

"ते आकड्यालाच विचारा," रेयना म्हणाली. "तो कसा टांगलाय ते बघा."

मग तिने इटालियनमध्ये आणि ग्रीकमध्ये, दोन्ही बाजूंना कळेल असं सांगितलं. रब्बी मेल्यावर त्यांच्या कमरेची किल्ली कुणालाही घेता आली असती आणि परत अडकवता आली असती. पण आचाऱ्याने मारलं असतं तर आकडा समुद्रात गेला असता. समुद्र तीस पावलांवर आहे. लिओन फाटकावर होता, आणि आकड्याची खुंटी कुठली हे त्याला आयुष्यात सांगता आलं नसतं. माळी मारून झाल्यावर मदतीला हाका कशाला मारेल? ज्याने मारलं त्याच्या हातात रक्ताने भरलेलं लोखंड होतं, समोर गुरू मरत होता, कुणीही कुठूनही आलं असतं. आणि त्या घडीलाही त्याला एक गोष्ट सहन झाली नाही. पाव मळायचा आकडा शुद्ध केलेल्या भांड्यांजवळ पडून राहणं. त्याने तो कोठीत नेला आणि जागच्या जागी टांगला.

"माणूस मारला, पण भांडं बाटवलं नाही," ती म्हणाली. "असा माणूस या हॉटेलात एकच आहे. त्याच्याच भरवशावर मी हे हॉटेल निवडलं."

सगळ्या माना एझ्रिएलकडे वळल्या. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. कोठीत त्याने पाऊल ठेवलं नव्हतं.

"तू त्या दुपारी समुद्रावर पेले बुडवत होतास म्हणालास. अंगावरचं रक्त धुतलंस, पेले बुडवले नाहीस. कागद अजून तळाला आहे. पण न बुडवलेल्या पेल्यातून लोकांना पिऊ देणंही तुला जमेना, म्हणून कागदी आणलेस. कोकरं निषिद्ध होती, म्हणून कुत्र्यांना घातलीस. रब्बी त्या कोकरांबद्दलच बोलणार होते ना?"

एझ्रिएलचे ओठ हलले. तो इतक्या हळू बोलला की पुढच्यांनाच ऐकू आलं. कोकरं आली तेव्हा त्यांच्यावरची शुद्धतेची मोहोर तुटलेली होती, म्हणाला, आणि मोहोर तुटली की मांस निषिद्ध. दुसरी मागवायला वेळ नव्हता, तीनशे माणसं यायची होती, त्याने नवी मोहोर लावली. वीस वर्षांत एकदाच. रब्बींना ते कळलं. तो पाया पडला, कोकरं फेकून देतो म्हणाला. रब्बी म्हणाले, ती तर फेकशीलच, पण तुझं नाव मी रात्री सगळ्यांपुढे घेणार, म्हणजे पुन्हा कुणी तुझ्या हातचं खाणार नाही.

"मी एकाही माणसाच्या तोंडात वाईट घास जाऊ दिला नाही, मावशी."

"नाही दिलास," रेयना म्हणाली. "देवाच्या दहा आज्ञांतली एक सोडून सगळ्या पाळल्यास."

त्यावर तो धावला. मऊ आवाजाच्या त्या माणसाच्या अंगात एवढं बळ असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याने रेयनाच्या गळ्यातला रुमाल पकडून पीळ दिला आणि तिला भिंतीवर आदळलं. तिच्या डोक्यातून रक्त आलं. तिला त्याचे डोळे दिसले, मग काहीच दिसेना. दिमोस त्याच्या पाठीवर चढला तरी पीळ सुटेना. शेवटी आव्नेरने हातातली लोखंडी पळी दोन्ही हातांनी फिरवली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे तिच्या फुप्फुसांत हवा शिरली.

त्याला बेड्या घातल्या तेव्हा तो रक्ताळलेला हात अंगापासून लांब धरून उभा होता. कुठल्या भांड्यावर थेंब पडू नये म्हणून.

लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. जोया दोन्ही पोरं घेऊन आईपाशी आली आणि रडत म्हणाली, संपलं आई, संपलं. तेवढ्यात कोठीत वासिलिकीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला. फोन इस्पितळातून होता. ऐकता ऐकता ती पिठाच्या पोत्यावर बसली, आणि फोन तिच्या मांडीवरून घरंगळत फरशीवर गेला.

दिमोसने टोपी काढली. थोड्या वेळाने त्याने गर्दीकडे बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला जो तो दोन दिवस विचारत होता. माळ्याला मारलं कुणी? अंगणात पन्नास माणसं होती. पन्नासांनी सांगितलं होतं की काही पाहिलं नाही.

आताही कुणी काही पाहिलेलं नव्हतं. लिओन आकाशाकडे बघत होता. रेयनाने खाली बघितलं. दाविदेच्या पायांत आज चपला होत्या.

"बूट कुठेत रे?" तिने विचारलं.

दाविदे हसायला गेला, पण हसू आलं नाही. "आई, सगळ्यांनीच मारलं. आम्हाला काय माहीत होतं? तुमच्या नातवंडांसाठीच ना..."

"मला माहीत होतं तो काय ओरडत होता," रेयना म्हणाली. "तुम्ही मला विचारलं असतंत तर."

जोयाने आईचा दंड घट्ट धरला. तिने फक्त मान हलवली, नको, आई, नको. एक पोर जागं होऊन रडू लागलं. रेयनाने लेकीचा हात हळूच सोडवला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वासिलिकीशेजारी पिठाच्या पोत्यावर जाऊन बसली. तिथून तिने फौजदाराला ग्रीकमध्ये जावयाचं नाव सांगितलं, आणि बूट खोलीत कुठल्या पेटीत असतील तेही. बाकीची नावं त्यानेच सांगावीत, म्हणाली.

रब्बी फाइवेल रोटबार्ट वल्हांडणाच्या आदल्या दिवशी दुपारी मेले. त्यांना एझ्रिएलने मारलं. कोठीचा मालक स्तेरिओस सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थेसालोनिकीच्या इस्पितळात मेला. त्याला पाहुण्यांनी मारलं.